गोल गोल फिरणारा ठोका

‘हृदयविकाराचा झटका आला आणि घरात एकटे असाल, तर जोरजोरात खोकत राहा, जीव वाचेल.’ हा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर दर काही महिन्यांनी नव्याने उगवतो, बहुतेक वेळा कुण्या ‘सुप्रसिद्ध हृदयरोगतज्ज्ञा’च्या हवाल्याने. तो खोटा आहे. झटका म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी तुंबणं. खोकून ती मोकळी होत नाही. तेवढ्या वेळात १०८ला फोन लावलेला बरा.

गंमत अशी, की श्वास कोंडून जोर लावणं किंवा तोंडावर बर्फगार पाणी घेणं अशा युक्त्यांनी खरोखर थांबणारा हृदयाचा एक त्रास आहे. तो झटका नव्हे, तालाचा बिघाड आहे. डॉक्टर त्याला एसव्हीटी किंवा पीएसव्हीटी म्हणतात. माणूस बसलेला असतो, किंवा खाली वाकून काही उचलत असतो, आणि पंचाहत्तरच्या चालीने पडणारे ठोके एकदम १८०-२०० वर जातात. हळूहळू चढत नाहीत. एका ठोक्याला सुरू, काही मिनिटांनी किंवा तासांनी एका ठोक्याला बंद. मानेत धपधपतं, हात गार पडतात, डोकं हलकं होतं. थांबल्यावर पुष्कळांना भरपूर लघवी होते, कारण ताणल्या गेलेल्या अलिंदातून, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून, मीठ-पाणी बाहेर टाकायला लावणारं एक संप्रेरक सुटतं. ही लघवीची गोष्ट डॉक्टरला सांगायला लोक संकोचतात. खरं तर निदानाला तिचा चांगला उपयोग होतो.

हे होतं कसं, ते कळण्यासाठी आधी एका जेलीफिशकडे जाऊ.

आल्फ्रेड मेयर हा अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ फ्लोरिडाच्या समुद्रात जेलीफिशवर काम करायचा. १९०६ साली त्याने दाखवलं, की जेलीफिशच्या शरीरातून एक कडं कापून घेतलं आणि त्यात आकुंचनाची एक लाट एकाच दिशेने सोडली, तर ती कड्यात फिरतच राहते. नवी ठिणगी लागत नाही. केंब्रिजमध्ये जॉर्ज माइन्स या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने हाच प्रयोग हृदयाच्या स्नायूवर केला आणि १९१३-१४च्या त्याच्या निबंधांत आजच्या अख्ख्या तालशास्त्राचा पाया आहे. कासवाच्या हृदयाच्या कड्यातही लाट फिरली. मग त्याने कडं एका जागी कापलं, आणि लाट थांबली. कुठेही कापा, थांबणारच. नोव्हेंबर १९१४मध्ये मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेत माइन्स उपकरणांसह बेशुद्ध सापडला आणि लगेचच वारला. तो स्वतःवरच प्रयोग करत असावा असं मानतात. वय अवघं २८.

लाट फिरत राहायला अट एकच. पेशी एकदा पेटली की क्षणभर बधिर असते, तेवढ्या वेळात ती पुन्हा पेटत नाही. लाटेचं तोंड फेरी मारून परत येईपर्यंत पुढची पेशी सावरलेली हवी. म्हणजे लाटेचा वेग गुणिले बधिरतेचा काळ ही लांबी कड्याच्या घेरापेक्षा कमी हवी. लाट जितकी मंद आणि पेशी जितक्या लवकर सावरणाऱ्या, तितकं लहान कडं पुरतं. निरोगी हृदयात लाट इतकी वेगाने जाते, की ती आपल्याच शेपटीवर आपटून विझते.

मग एसव्हीटीच्या माणसात कडं येतं कुठून? वरच्या कप्प्यांतून खालच्या निलयांत विद्युतसंदेश जायला सहसा एकच अधिकृत दार असतं, एव्ही नोड. सुनाओ तावारा या जपानी शास्त्रज्ञाने ते १९०६ साली जर्मनीत शोधलं. काही जणांत या दाराशी येणाऱ्या दोन वाटा असतात. एक वाट वेगवान, पण सावरायला वेळ घेणारी. दुसरी मंद, पण लवकर सावरणारी. मुंबईहून पुण्याला जाताना द्रुतगती मार्ग आणि जुना घाट असतो, तसं समजा. एरवी संदेश द्रुतगती मार्गाने जातो. एखादा ठोका वेळेआधी पडला, की तिथे अजून ‘ब्लॉक’ असतो, म्हणून तो जुन्या घाटाने रखडत खाली येतो. तोवर द्रुतगती मार्ग खुला झालेला असतो. संदेश त्याच मार्गाने उलटा वर चढतो, वरून पुन्हा घाटात शिरतो, आणि कडं पुरं झालं. दर फेरीला एक ठोका, सेकंदाला तीन फेऱ्या. वाकल्याने, चहाने, चिंतेने वेळेआधीचा एखादा ठोका पडतो, एवढंच त्यांचं काम. कडं जन्मजात असतं.

हा प्रकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत साधारण दुप्पट आढळतो, आणि ‘टेन्शन घेऊ नका’ हे वाक्यही बहुधा त्यांनाच ऐकावं लागतं. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एसव्हीटीच्या १०७ रुग्णांपैकी ६७ टक्के जण लक्षणांवरून ‘पॅनिक डिसऑर्डर’च्या व्याख्येत बसत होते, आणि निम्म्याहून अधिक जणांत पहिल्या तपासणीत खरा आजार ओळखूच आला नव्हता. आपल्याकडे त्यात पित्त, गॅस, दृष्ट आणि बाहेरची बाधा यांची भर. ‘हृदयाचे ठोके नियंत्रित करणारा रुद्राक्ष’ विकणाऱ्यांना हा आजार वरदान आहे. धडधड आपणहून थांबणारच असते, श्रेय गळ्यातल्या माळेला जातं.

अडचण अशी, की दवाखान्यात पोहोचेपर्यंत ठोके जागेवर येतात आणि ईसीजी ‘नॉर्मल’ निघतो. महिन्यातून एकदा होणारा त्रास चोवीस तासांच्या होल्टरमध्ये, म्हणजे अंगावर बांधून सतत ईसीजी नोंदवणाऱ्या यंत्रात, सापडेलच असं नाही. म्हणून धडधड चालू असताना जवळच्या कुठल्याही दवाखान्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रात का होईना, ईसीजी काढून घ्यावा आणि तो कागद जपून ठेवावा. मूळ प्रत पुसट होते, फोटो काढलेला बरा. मनगटी घड्याळातला ईसीजीही इथे कामाला येतो. एरवी मला त्या घड्याळांच्या जाहिरातींचा कंटाळा आहे.

आता ती युक्ती. श्वास कोंडून जोर लावल्यावर आणि मग सोडल्यावर मेंदूकडून हृदयाला येणारा व्हेगस चेतातंतू जागा होतो आणि एव्ही नोडला क्षणभर सुस्त करतो. कडं तिथेच तुटतं, माइन्सच्या कात्रीशिवाय. २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये इंग्लंडमधली एक चाचणी छापून आली. अर्धवट रेललेल्या रुग्णाने १५ सेकंद जोराने फुंकायचं, दहा मिलीच्या रिकाम्या सिरिंजचा दट्ट्या जेमतेम हलेल इतकं. मग लगेच त्याला आडवं करून पाय ४५ अंशांत १५ सेकंद उचलून धरायचे. पाय न उचलता १७ टक्के रुग्णांची लय जागेवर आली, पाय उचलून ४३ टक्क्यांची. खर्च एका सिरिंजचा! निदान पक्कं झालेल्यांनी आपल्या डॉक्टरकडून हे शिकून घ्यावं. डोळे दाबण्याचा जुना उपाय मात्र नको, दृष्टिपटल निसटू शकतं. आणि छातीत दुखत असेल, शुद्ध हरपत असेल किंवा हृदयाचा आधीचा आजार असेल, तर थेट रुग्णालय.

तिथे अ‍ॅडेनोसिन हे औषध झपकन शिरेत देतात. ते रक्तात काही सेकंदच टिकतं, पण तेवढ्यात एव्ही नोड बंद पडतो. छाती दाटते, ‘आता संपलं’ असं वाटतं, आणि पडद्यावर सरळ रेघेनंतर शांत ठोके उमटतात. चहा-कॉफीतलं कॅफिन याच रेणूच्या जागा अडवतं, त्यामुळे आधी कपभर कॉफी झाली असेल तर औषध कमी लागू पडू शकतं.

सगळ्या धडधडीला हा न्याय लावू नये. एट्रियल फिब्रिलेशन या वरच्या कप्प्यांच्या दुसऱ्या बिघाडात ठोके वेडेवाकडे पडतात, आणि तिथे पहिला प्रश्न असतो रक्ताची गुठळी मेंदूत जाण्याचा, म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा. काही जणांत वर-खाली जोडणारी एक जादा तार असते. अशा हृदयात फिब्रिलेशन सुरू असताना व्हेरापामिलसारखं एरवी उपयोगी औषध जिवावर बेतू शकतं. आणि चुकार ठोके दिसले की ते दाबून टाकावेत, हा समज तर १९८९ साली अमेरिकेतल्या ‘कास्ट’ चाचणीने मोडीत काढला. झटका येऊन गेलेल्या रुग्णांत दोन औषधांनी ईसीजी सुधारला, पण औषध घेणारेच जास्त मेले.

एसव्हीटीत मात्र कडं कायमचं तोडता येतं. मांडीच्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत नेतात, मंद वाट शोधतात आणि रेडिओलहरींच्या उष्णतेने तेवढीच जागा निकामी करतात, यालाच अ‍ॅब्लेशन म्हणतात. ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत हे यशस्वी होतं. मंद वाट मुख्य दाराला खेटून असल्यामुळे शंभरात एखाद्याहून कमी जणांत दार दुखावून पेसमेकरची वेळ येते, हे आधी विचारून घ्यावं. वर्षातून एकदा दहा मिनिटं धडधडणाऱ्याला यातलं काहीच करण्याची गरज नसते. आणि अ‍ॅब्लेशननंतर काही आठवडे ठोका चुकल्यासारखं वाटून लोक घाबरून परत येतात. वेळेआधीचा तो ठोका पडतच असतो, त्याला घाटाची वाट तेवढी मिळत नाही.