महासाथ आणि घरगुती श्वसनसाहाय्य (कोल्हापूर)

घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारे यंत्र), बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र) किंवा व्हेंटिलेटरवर राहणाऱ्या रुग्णांची महासाथीत होणारी कोंडी. अशा आधाराची गरज मुख्यतः सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार), क्षयरोगानंतर निकामी झालेली फुप्फुसे आणि स्नायूंचे आजार यांमुळे लागते. कोल्हापूर परिसरात फाउंड्रीतली सिलिकाची धूळ आणि चुलीचा धूर हेही फुप्फुसांचे जुने वैरी आहेत.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २२ एप्रिल २०२१ पासून, केंद्राने बहुतेक उद्योगांचा ऑक्सिजन थांबवून तो रुग्णालयांकडे वळवला. निर्णय योग्यच होता. पण वर्षानुवर्षे घरी ऑक्सिजनवर असलेला माणूस ना खाटांच्या हिशेबात येतो, ना नव्या बाधितांच्या. दीड हजार लिटरचा बी टाइप सिलिंडर मिनिटाला २ लिटरने जेमतेम साडेबारा तास पुरतो. म्हणजे केवळ सिलिंडरवर असलेल्याच्या घरच्यांना दिवसातून दोनदा रिफिलची सोय बघावी लागते.

सर्वांत घातक गोंधळ ऑक्सिमीटरवरच्या, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्केवारीच्या आकड्याचा. ‘९४ च्या खाली गेलं की दवाखाना गाठा’ ही सूचना सर्वांसाठी होती. सीओपीडीच्या अनेक रुग्णांचे उद्दिष्ट मात्र ८८ ते ९२ टक्केच असते. आकडा वर आणण्यासाठी घरच्यांनी घाबरून कॉन्सन्ट्रेटरचा नॉब फिरवून ऑक्सिजन वाढवला, की अशा रुग्णाच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. मग गुंगी येते, आणि पेशंट शांत झोपलाय असे वाटते. या रुग्णांबाबत विचारायचा प्रश्न ‘किती आहे?’ हा नसून ‘रोजच्यापेक्षा किती उतरले?’ हा आहे.

बायपॅपच्या मास्कमधून सुटणाऱ्या हवेबरोबर विषाणूही खोलीत पसरू शकतो. त्यामुळे बाधित रुग्णासाठी वेगळी हवेशीर खोली आणि यंत्राच्या नळीत विषाणूरोधक फिल्टर हवा. दोन खोल्यांच्या घरात हे पाळायचे कसे, याचे सोपे उत्तर नाही.

जुलै २०२१ मध्ये साथ चालू असतानाच पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद झाला. कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो. लाइट गेली की तो बंद, आणि घरातला इन्व्हर्टर फार तर काही तास तग धरतो. म्हणून शिरोळ, करवीरच्या पूरपट्ट्यातील अशा रुग्णांची नावे गावपातळीवर आधीच नोंदलेली हवीत. पाणी चढण्यापूर्वी त्यांना वीज असलेल्या ठिकाणी हलवावे. सोबत यंत्र, मास्क, भरलेला सिलिंडर आणि ऑक्सिजनचा प्रवाह लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी असावी.