गोट्या आणि ठकी

उतराणीला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाला, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या गच्च्यांवर पिपाण्या आणि स्पीकर सुरू झाले की आमचा गोट्या झोपाळ्यावर बसून त्या गोंगाटात आपलाही सूर लावतो. ठकी मात्र मागच्या कोपऱ्यात, पिसं अंगाला घट्ट चिकटवून, निम्मी होऊन बसते. दोघं एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलेली. दुकानदारानं ‘लव्हबर्ड’ म्हणून दिली, पण खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. ही ऑस्ट्रेलियातली बजी, म्हणजे छोटे पोपट. (आजीच्या वेळचा राघू आता पाळता येत नाही. देशी पोपटांना 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे.)

मग एक धीट आणि एक भित्री का? नेदरलँड्समध्ये ग्रेट टिट या चिमणीएवढ्या पक्ष्यांवर याचा बराच अभ्यास झाला आहे. अनोळखी वस्तू ठेवली की काही लगेच जवळ जातात, काही लांबून बघत राहतात. धीटांच्या धीटांशी आणि सावधांच्या सावधांशी जोड्या लावल्या, तेव्हा चार पिढ्यांत पिल्लांचे स्वभावही दोन टोकांना गेले. म्हणजे स्वभावाचा बराचसा भाग रक्तातूनच येतो. गंमत अशी की धीट पक्षी सवयीचे गुलाम निघाले. खाण्याची जागा बदलली तरी ते जुन्याच जागी घुटमळत; बदल आधी टिपला सावधांनी. रानात अन्न भरपूर असलेल्या वर्षी एका स्वभावाचं फावतं, टंचाईच्या वर्षी दुसऱ्याचं, त्यामुळे दोन्ही टिकून राहतात. ठकीला ‘बिघडलेली’ म्हणणं मी तेव्हापासून सोडलं.

गोट्या चौथ्या दिवशी खांद्यावर बसला. ठकीला तीन महिने लागले. तीस-चाळीस ग्रॅमच्या जिवाला वरून येणारा हात ससाण्यासारखाच वाटणार! म्हणून मी हात खालून, जाळीबाहेर ठेवायचो. ती बारीक झाली की लगेच मागे घ्यायचो. यात मेख आहे: आपल्या ‘नको’ला किंमत आहे हे कळल्यावरच भित्रा पक्षी पुढे येतो. धरून, कुरवाळून ‘सवय’ लावायला गेलं तर तो गप्प बसतो. आपण त्यालाच माया समजतो.

पुढे तिनं राळ्याचं कणीस हातातून खाल्लं, मग डोकं पुढे केलं. स्वतःच्या डोक्यापर्यंत चोच पोचत नाही, आणि नवी पिसं फुटताना तिथे खाज सुटते. ते काम जोडीदार करतो. पाठीवरून मात्र हात फिरवू नये, पक्षी त्याला मीलनाचा इशारा समजतो.

मागच्या उतराणीला पिंजऱ्यावर तीन बाजूंनी चादर टाकली आणि चौथ्या बाजूला मी बसलो. ठकी सरकत सरकत जाळीपाशी आली, मान खाली घातली. मी बोटानं डोकं खाजवलं. थोड्या वेळानं जातं फिरावं तशी चोच घासायला लागली. झोप येऊ लागली की निवांत बजी असंच करतात. गोट्याला हे अजिबात रुचलं नाही. त्यानं येऊन माझ्या बोटाला कडकडून चावा घेतला.