वाव किती? ड्राफ्टपूर्वी तरुण फॉरवर्डांना जोखण्याची पार्श्वभूमी

मे २०२५मध्ये शिकागोत एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टपूर्व, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीआधीच्या, चाचण्या झाल्या. तेथे रटगर्स विद्यापीठाचा फॉरवर्ड (चेंडू खेळवणारे गार्ड आणि बास्केटजवळचा उंच सेंटर यांच्या मधल्या जागेवर खेळणारा) एस बेली अनवाणी मोजपट्टीखाली उभा राहिला आणि नोंद झाली सहा फूट साडेसात इंच. विद्यापीठाच्या संघयादीत हाच मुलगा सहा फूट दहा इंचांचा होता. फरक अडीच इंचांचा, म्हणजे आडव्या धरलेल्या तीन-साडेतीन बोटांएवढा. त्याने हंगामभर मारलेले फटके, मिळवलेले रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर परतलेले चेंडू) आणि घालवलेले चेंडू यांतले काहीही त्या मोजमापाने बदलणार नव्हते. तरीही बचावपटूच्या डोक्यावरून सहज चेंडू टाकणारा असामान्य उंचीचा फॉरवर्ड म्हणून त्याच्याकडे पाहायचे, की त्या जागेवर नेहमी दिसणाऱ्या उंचीचा एक चांगला खेळाडू म्हणून, यावर नव्याने काथ्याकूट सुरू झाला.

चाचणीच्या तक्त्यात उंचीच्या शेजारी आणखी एक रकाना असतो: दोन्ही हात फैलावल्यावर एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचे अंतर. दोर नि विहिरींची खोली मोजणारी आपली जुनी माणसे या अंतराला ‘वाव’ म्हणत, आणि ‘अजून बराच वाव आहे’ असे आपण रोज म्हणतो तेव्हा तोच शब्द वेगळ्या अर्थाने तोंडी येतो. तरुण फॉरवर्डांच्या तुलनेचा इतिहास हा पहिल्या वावावरून दुसऱ्याचा अदमास घेण्याचा इतिहास आहे, असे म्हणणे ही शाब्दिक कोटी झाली खरी, परंतु मूळ मुद्दा तिच्यात येतो.

आयपीएलच्या लिलावाला सरावलेल्या वाचकाला ड्राफ्टची रीत उफराटी वाटेल. तेथे बोली लागत नाही. आदल्या हंगामात मागे पडलेल्या संघांना निवडीची संधी आधी मिळते, आणि ज्याने निवडले त्याच संघाशी खेळाडूने करार करायचा असतो. पहिला ड्राफ्ट १९४७मध्ये झाला; त्यात पिट्सबर्गने सर्वप्रथम निवडलेला क्लिफ्टन मॅकनीली त्या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही, त्याने शाळेत प्रशिक्षक होणे पसंत केले. पुढे जवळपासच्या महाविद्यालयातील खेळाडूवर स्थानिक संघाचा पहिला हक्क मानण्याची पद्धत १९६५पर्यंत चालली, नंतर तळाच्या दोन संघांत नाणेफेक होऊ लागली आणि १९८५पासून सोडत आली.

या सगळ्या काळात ‘क्षमता’ हा चर्चेचा विषय फारसा नव्हता, कारण शालेय शिक्षण संपून चार वर्षे झाल्याशिवाय खेळाडूला लीगचे दार उघडत नसे. बाविसाव्या वर्षी समोर येणाऱ्या फॉरवर्डाबद्दल पाहण्यासारखे बहुतेक सारे पाहून झालेले असे. लॅरी बर्डला बॉस्टनने १९७८मध्ये सहाव्या क्रमांकावर निवडले, आणि तो इंडियाना स्टेटमधले उरलेले एक वर्ष खेळून येईपर्यंत वाट पाहिली. त्या निर्णयात धीराचा भाग मोठा होता, अंदाजाचा कमी. चार वर्षांच्या नियमाला तडा गेला तोही एका फॉरवर्डामुळेच. स्पेन्सर हेवूडला सिअ‍ॅटल सुपरसॉनिक्सने मुदतीआधी करारबद्ध केले, प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७१मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी निकाल हेवूडच्या बाजूने लागला. त्यानंतर आर्थिक अडचणीच्या कारणावरून लवकर प्रवेश देण्याची तरतूद आली आणि १९७६मध्ये तेही कारण दाखवण्याची गरज उरली नाही. डॅरिल डॉकिन्स आणि बिल विलोबी हे दोघे १९७५मध्ये शाळेतून थेट आले, पण नंतर वीस वर्षे त्या वाटेने कोणी आले नाही.

खरे वळण आले ते १९९४ आणि १९९५ या दोन वर्षांत, आणि माझ्या मते त्याचे कारण खेळाइतकेच हिशेबाचे होते. १९९४मध्ये पर्ड्यू विद्यापीठाचा फॉरवर्ड ग्लेन रॉबिन्सन याला मिलवॉकीने पहिल्या क्रमांकावर निवडले, तेव्हा त्याने १० कोटी डॉलरची मागणी केली आणि बऱ्याच ओढाताणीनंतर १० वर्षांसाठी ६ कोटी ८० लाखांवर तडजोड झाली. एकही व्यावसायिक सामना न खेळलेल्या खेळाडूला एवढी रक्कम दिल्याने मालक हादरले, आणि पुढच्याच वर्षी नवोदितांच्या पहिल्या कराराचे दर क्रमांकानुसार बांधून टाकण्यात आले. हेतू खर्चाला लगाम घालण्याचा होता. परिणाम मात्र दुहेरी झाला. खेळाडूच्या दृष्टीने मोठी रक्कम आता दुसऱ्या करारात होती, त्यामुळे पहिला करार जितक्या लवकर सुरू होईल तितके बरे. आणि संघाच्या दृष्टीने कच्च्या मुलावर डाव लावणे एकाएकी स्वस्त झाले होते. आज बावीस वर्षांच्या तयार खेळाडूपेक्षा एकोणीस वर्षांच्या अपुऱ्या खेळाडूला वरचा क्रमांक मिळालेला दिसतो, त्याच्या मुळाशी हे दरपत्रक आहे.

१९९५चा ड्राफ्ट या बदलाचा नमुना म्हणून पाहण्याजोगा आहे. पहिले चार क्रमांक जो स्मिथ, अँटोनियो मॅकडाइस, जेरी स्टॅकहाउस आणि रशीद वॉलेस यांचे. चौघेही महाविद्यालयात दोनच वर्षे खेळून आलेले आणि, गार्ड नि फॉरवर्डच्या सीमेवर असलेला स्टॅकहाउस सोडला, तर सारे उघडउघड फॉरवर्ड. स्मिथ तर त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू ठरला होता. पाचव्या क्रमांकावर मिनेसोटाने शिकागोच्या फॅरागट शाळेतला केव्हिन गार्नेट उचलला. ड्राफ्टपूर्वी शिकागोतल्या एका व्यायामशाळेत त्याने संघांच्या प्रतिनिधींसमोर आपले कसब दाखवले. पाहणाऱ्यांत मिनेसोटाचे सूत्रधार केव्हिन मॅकहेल होते, आणि ते स्वतःच आपल्या काळातले अव्वल पॉवर फॉरवर्ड. आकड्यांची तुलना येथे शक्यच नव्हती, कारण शाळकरी मुलांविरुद्ध मिळवलेल्या गुणांना कोणते माप लावणार? पाहायचे होते ते एवढेच की इतका उंच मुलगा एवढ्या चपळाईने पावले कशी टाकतो, चेंडू कसा हाताळतो आणि सांगितलेली गोष्ट लगेच कशी उचलतो. गार्नेट २००४मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. स्मिथने सोळा हंगाम खेळून मानाची, पण सामान्य कारकीर्द केली.

गार्नेटच्या यशाने सर्वांनाच धीर आला आणि तो धीर लवकरच उतावळेपणात बदलला. २००१मध्ये पहिल्या चारांपैकी तिघे थेट शाळेतून आले. मायकेल जॉर्डन यांच्या हाती सूत्रे असलेल्या वॉशिंग्टनने क्वामे ब्राउनला निवडले. पहिल्या क्रमांकावर गेलेला तो पहिला शाळकरी खेळाडू. त्याची कारकिर्दीची सरासरी सामन्यामागे ६.६ गुणांवर थांबली. तिसऱ्या क्रमांकावर गेलेला स्पेनचा पाव गसोल पुढच्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित झाला. तो बार्सिलोनाच्या ज्येष्ठ संघात मोठ्या माणसांविरुद्ध खेळून आला होता, हा फरक तेव्हा पुरेसा लक्षात घेतला गेला नाही. अखेर २००५च्या करारात लीगने वयाची अट घातली: ड्राफ्टच्या वर्षात खेळाडूने एकोणीस पूर्ण केली पाहिजेत, आणि अमेरिकी मुलांच्या बाबतीत शाळा सुटून एक वर्ष झालेले असले पाहिजे.

या अटीचा पहिला मोठा लाभ म्हणजे २००७मध्ये केव्हिन डुरंटचे टेक्सास विद्यापीठातले एक वर्ष पाहायला मिळाले. सामन्यामागे २५.८ गुण आणि ११.१ रिबाउंड, शिवाय प्रथम वर्षात असताना देशातील सर्वोत्तम खेळाडूचा मान. त्यानंतर चाचणीत त्याला बाकावर आडवे होऊन १८५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८४ किलोंचा दांडा छातीवरून उचलायला सांगितले, आणि तो त्याला एकदाही वर नेता आला नाही. त्या शून्याची बातमी त्याच्या पंचवीस गुणांपेक्षा अधिक गाजली. पोर्टलँडने पहिल्या क्रमांकावर ग्रेग ओडेन हा सेंटर घेतला, त्यात एकट्या त्या दांड्याचा दोष नव्हता. उंच सेंटरला आधी मान देण्याचा जुना संकेत होताच. ओडेनच्या गुडघ्यांनी त्याला एकूण १०५ सामनेच खेळू दिले. दांडा उचलण्याची कसोटी फॉरवर्डाला मुळात लावायचीच कशासाठी, याचे उत्तर शोधताना आपण या विषयाच्या गाभ्याशी येतो.

ती कसोटी ज्या खेळासाठी होती तो खेळ मागे पडत चालला होता. पॉवर फॉरवर्ड म्हणजे बास्केटला पाठ करून, धक्के खात जागा पकडणारा गडी, ही कल्पना नव्वदच्या दशकापर्यंत टिकली. २००१-०२च्या हंगामापासून झोन बचावाला, म्हणजे ठरावीक खेळाडूऐवजी ठरावीक जागा राखण्याला, मुभा मिळाली, त्यामुळे बास्केटजवळची मोकळी जागा आक्रसली. २००४पासून चेंडू घेऊन येणाऱ्याला हाताने अडवण्यावर कडक निर्बंध आले आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून फटके मारणारा फॉरवर्ड मोलाचा ठरू लागला. मोजपट्टी तीच, पण जे मोजायचे ते बदलले. गार्ड आणि सेंटर यांच्याबाबत असे कमी घडले, कारण त्यांच्या कामाचा गाभा बराच काळ टिकून राहिला. फॉरवर्ड हा शब्दच मधल्या सगळ्या जागेला दिलेले नाव असल्याने खेळातला प्रत्येक बदल आधी त्याच्या अंगावर येतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण एकाच संघाच्या एकाच रात्रीचे आहे. २०१२च्या ड्राफ्टमध्ये गोल्डन स्टेटने सातव्या क्रमांकावर हॅरिसन बार्न्स घेतला: शाळेपासून नाव गाजलेला, बांध्याने आणि फटक्याच्या शैलीने पाठ्यपुस्तकात शोभावा असा फॉरवर्ड. त्याच संघाने पस्तिसाव्या क्रमांकावर ड्रेमंड ग्रीन घेतला. मिशिगन स्टेटमध्ये पूर्ण चार वर्षे खेळलेला ग्रीन ‘ट्वीनर’ समजला जाई, म्हणजे चौथ्या, पॉवर फॉरवर्डच्या जागेसाठी बुटका आणि तिसऱ्या, अधिक चपळ फॉरवर्डच्या जागेसाठी संथ. तो पास देतो, रिबाउंड घेतो, कोणालाही अडवतो, हे सर्वांना दिसत होते. पण ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असाच त्याचा अर्थ लावला गेला. तीन वर्षांनी गोल्डन स्टेटने क्लीव्हलँडविरुद्धच्या अंतिम मालिकेत उंच सेंटरला बाकावर बसवून ग्रीनला मध्यभागी खेळवले आणि विजेतेपद जिंकले. ज्या अध्येमध्येपणाला वैगुण्य मानले होते, तोच मग इतर संघ शोधू लागले.

कवाय लेनर्ड आणि यानिस आंटेटोकुंबो हे दोघेही पंधराव्या क्रमांकाचे, अनुक्रमे २०११ आणि २०१३चे. लेनर्डचे प्रचंड पंजे सर्वांनी मोजले होते. खटकत होते ते त्याचे तीन गुणांचे फटके, जे महाविद्यालयात शंभरातले तिसाहूनही कमी पडत. सॅन अँटोनियोत चिप एंगेलंड या प्रशिक्षकाने त्याच्या हातातून चेंडू सुटण्याची ढब सुधारली आणि उणीव भरून निघाली. आंटेटोकुंबो ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होता, आणि निवड झाल्यानंतरही त्याची उंची वाढत राहिली. त्याच्या वर्षी पहिल्या क्रमांकावर गेलेला फॉरवर्ड अँथनी बेनेट चार हंगामांत लीगबाहेर झाला.

तरीही निव्वळ तुलना म्हणून सर्वांत रंगलेला सामना २०१४चा. कॅन्ससचा अँड्र्यू विगिन्स आणि ड्यूकचा जबारी पार्कर, वयात अवघ्या तीन आठवड्यांचे अंतर, दोघांचेही वडील एनबीएत खेळलेले, त्यात विगिन्सची आई ऑलिंपिक पदक मिळवलेली धावपटू. १२ नोव्हेंबर २०१३ रोजी शिकागोत दोघे समोरासमोर आले. पार्करने २७ गुण केले, विगिन्सने २२, आणि कॅन्ससने सामना ९४-८३ असा जिंकला. म्हणजे दोन्ही बाजूंना हवा तो पुरावा मिळाला. पार्कर आज तयार आहे आणि विगिन्सला वाव जास्त आहे, हे जणू ठरूनच गेले होते. क्लीव्हलँडने विगिन्सला निवडले आणि दोनच महिन्यांत त्याला बेनेटसह मिनेसोटाला देऊन केव्हिन लव्ह हा सिद्ध झालेला फॉरवर्ड आणला. लागोपाठच्या दोन वर्षांतले दोन पहिले क्रमांक एकाच व्यवहारात गेले.

‘तयार’ पार्करचा डावा गुडघा डिसेंबर २०१४मध्ये गेला; सावरून तो सामन्यामागे वीस गुणांवर पोहोचला तोच फेब्रुवारी २०१७मध्ये तोच गुडघा पुन्हा गेला. विगिन्स सर्वोत्तम नवोदित झाला, पण त्याच्याकडून अपेक्षिलेला संघनायक तो कधी झाला नाही. २०२२च्या अंतिम मालिकेत गोल्डन स्टेटकडून त्याने बॉस्टनच्या जेसन टेटमला जखडून ठेवले आणि एका सामन्यात १६ रिबाउंड घेतले, तेव्हा त्याच्या उडीचा नि लांब हातांचा पुरा उपयोग झाला, फक्त ज्या कामाचे भाकीत केले गेले होते त्यासाठी नव्हे. शिवाय विगिन्स की पार्कर या वादात बुडालेल्या त्या ड्राफ्टमधून लीगचे सर्वोत्तम खेळाडू निघाले ते दोन सेंटर: तिसऱ्या क्रमांकाचा जोएल एंबीड आणि एकेचाळिसाव्या क्रमांकाचा निकोला योकिच.

दरम्यान मोजमापे काटेकोर होत गेली. बूट घालून उंची सांगण्याची पळवाट २०१९मध्ये लीगने आपल्या संघांपुरती बंद केली. महाविद्यालयांच्या याद्या मात्र सढळ राहिल्या. बाहेरून फटके जमतील का, हे ताडण्यासाठी तीन गुणांच्या मोजक्या प्रयत्नांपेक्षा फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फटक्यांच्या, टक्केवारीकडे पाहिले जाऊ लागले. सर्वांत जास्त वजन वयाला आले. समान आकडे असलेल्या दोघांत धाकटा वरचढ, हा आता साधा संकेत आहे.

जून २०२५मध्ये डॅलसने पहिल्या क्रमांकावर ड्यूकचा फॉरवर्ड कूपर फ्लॅग निवडला. बेली पाचव्या क्रमांकावर युटाकडे गेला. फ्लॅगने शाळा एक वर्ष आधीच आटोपली होती. त्याचा जन्म २१ डिसेंबर २००६चा, म्हणजे ड्राफ्टच्या वर्षात एकोणीस पूर्ण होण्याच्या अटीत तो अवघ्या दहा दिवसांच्या फरकाने बसला. अतितरुणांना थोपवण्यासाठी ही अट आणली गेली होती. ती लागू असताना पहिला निवडलेला हा मुलगा निवडीच्या रात्री साडेअठरा वर्षांचा होता, आणि ती अट नसतानाच्या काळात शाळेतून थेट आलेले गार्नेट आणि ब्राउन त्यांच्या त्यांच्या रात्री एकोणीस ओलांडून गेले होते.