कृष्णेची मळी आणि दिवीचं बेट

पूर ओसरला की चिकोडी, रायबाग, अथणीकडचा कृष्णाकाठचा शेतकरी आधी बघतो ते मळी, म्हणजे पुरानं आणलेला गाळ, किती बसली. २०१९ च्या पुरानंतर आमच्या उसाच्या सऱ्या मळीनं भरून सपाट झाल्या होत्या. काळी, लोण्यासारखी मऊ माती. चार दिवस ऊन लागलं की तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. ऊस सगळा कुजला होता. तरी आज्जी बांधावर उभी राहून म्हणाली, "माईनं नेलं, तसं दिलंबी."

ही मळी आपल्या शिवारात थोडीच थांबते. बाकीची हजार किलोमीटरहून जास्त वाट चालून आंध्रात समुद्राला जाते, निदान पूर्वी जायची. तिथं पुलिगड्ड्याजवळ कृष्णेला फाटे फुटतात. ते फाटे आणि बंगालचा उपसागर यांच्या मधली सखल जमीन म्हणजे दिवी सीमा. तेलुगूत दिवी म्हणजे बेट. अवनिगड्डा, नागायलंका, कोडूर ही तिथली भातशेतीची आणि मासेमारीची गावं. ते बेट नदीनं आणलेल्या गाळावरच उभं आहे.

अशी जमीन एकदा तयार झाली म्हणून कायमची राहत नाही. गाळ आपल्याच वजनानं दबत जातो आणि लाटा त्याची कड खात राहतात. नदीनं दरवर्षी नवा थर टाकला तरच किनारा टिकतो.

नदी अडवायला सुरुवात फार आधी झाली. विजयवाड्याचा जुना बंधारा १८५५ मध्ये पुरा झाला, १९५७ मध्ये त्याच्या जागी प्रकाशम बॅरेज आलं. पण बंधाऱ्यावरून पुराचा गाळ पुढं जातो. मोठ्या धरणाच्या जलाशयात पाणी संथ होतं आणि गाळ तळाशी बसतो. १९५० नंतर तुंगभद्रा, कोयना, नागार्जुनसागर, श्रीशैलम, शेवटी आलमट्टी, अशी धरणं एकामागून एक उभी राहिली. गाळ कुठं गेला ते तुंगभद्रेवर बघा. त्या धरणात सुरुवातीला १३३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावायचं, आता साधारण १०५ मावतं. कृष्णेतून त्रिभुज प्रदेशात पोचणारा गाळ १९६६ ते १९६९ या काळात वर्षाला सुमारे ९० लाख टन होता. २००० ते २००५ मध्ये तो ४ लाख टनांपर्यंत खाली आला.

राज्यांमधला पाण्याचा तंटा सोडवायला नेमलेल्या बच्छावत लवादानं कृष्णेचं पाणी वाटलं तेव्हा महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० टीएमसी आलं. आलमट्टीची उंची ५१९.६ मीटर की ५२४.२५६, यावर आपल्याकडं चावडीवरसुद्धा तावातावानं बोलतात, कारण धरणाच्या फुगवट्यानं आपल्याकडचा पूर वाढेल अशी भीती, आणि पुरात घर गेलेल्यानं बोलूच नये असं मी म्हणणार नाही. मला खुपतं ते वेगळं आहे. वाटणी फक्त पाण्याची झाली. समुद्रकाठच्या बेटाला गाळ किती लागतो, हे त्या हिशेबात कुठंच आलं नाही. आणि यात एकट्या कुठल्या राज्याला दोष देता येत नाही, धरणं सगळ्यांचीच आहेत.

दिवीच्या लोकांना समुद्राचा धाक जुनाच. १८६४ च्या वादळात शेजारच्या मछलीपट्टणम भागात सुमारे ३० हजार माणसं मेली. १९ नोव्हेंबर १९७७ ला वादळाची लाट थेट दिवीवर आली. पाणी पाच मीटरच्या आसपास चढलं आणि किमान १० हजार माणसं गेली. एवढ्या सपाट मुलखात पळून चढायला उंचवटाच नव्हता. त्यानंतर समुद्राच्या बाजूनं मातीचे बांध घातले गेले. तिकडं त्याला करकट्टा म्हणतात. १९९० च्या मे महिन्यात पुन्हा मोठं वादळ आलं.

करकट्टा खारं पाणी भातात शिरू देत नाही, म्हणून तो हवाच. पण तो मातीचा आहे. पुढचा किनारा झिजत आला की लाट थेट त्याच्या पायथ्याला लागते. मधे खारफुटी असेल तर लाटेचा जोर तिच्या मुळांत मोडतो, मात्र कृष्णेच्या मुखाकडची बरीच खारफुटी झिंग्यांच्या तळ्यांसाठी तुटली. मग बांधाला भगदाड पडलं की माती आणून भरायची, आणि पुढच्या उधाणाला पुन्हा भरायची. ही माती आता ट्रॅक्टरनं आणावी लागते.