तळलेला पोर्क चॉप आणि स्मदर्ड पोर्क चॉप: घोळ नेमका कुठे होतो

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, म्हणजे जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी, लुइझियाना आणि दोन्ही कॅरोलायना या पट्ट्यात, पोर्क चॉप (डुकराच्या मांसाचा काप) घरी प्रामुख्याने दोन रीतींनी केला जातो. एक रीत मैद्यात घोळवून थोड्या तेलात तळण्याची, तर दुसरी कांद्याच्या तपकिरी ग्रेव्हीत झाकण ठेवून शिजवण्याची. दुसऱ्या पदार्थाला तिकडे ‘स्मदर्ड’ म्हणतात. दोन्हींना तेच मांस, तोच मैदा आणि तेच बिडाचे पॅन लागत असल्यामुळे अटलांटा, शार्लट किंवा ह्यूस्टनला स्थायिक झालेल्या मराठी घरांपासून मुंबई-पुण्यात हौसेने करून पाहणाऱ्यांपर्यंत बहुतेकांचा असा समज झालेला दिसतो की, तळलेल्या चॉपवर ग्रेव्ही ओतली की स्मदर्ड चॉप तयार होतो. हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी बरेच चांगले मांस वाया जाते.

तळलेल्या चॉपविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण सुरमईची तुकडी तव्यावर तळता येणाऱ्या माणसाला त्यातले निम्मे आधीच येते. हाडासकट, साधारण सव्वा सेंटिमीटर जाडीचा चॉप घ्यावा. कडेच्या चरबीच्या पट्टीला दोन-तीन ठिकाणी चिरा द्याव्यात, नाहीतर ती आकसून चॉप वाटीसारखा वळतो आणि मधला भाग पॅनला टेकत नाही. मीठ, भरपूर काळी मिरी, थोडी लाल मिरची आणि लसणाची पूड लावून चॉप मैद्यात दाबून घोळवावा आणि दहा मिनिटे तसाच ठेवावा, म्हणजे मैदा ओलावा धरतो आणि तेलात सुटून येत नाही. काही घरांत मैद्याआधी चॉप ताकात बुडवतात, तेही चालते. डुकराची चरबी किंवा शेंगदाण्याचे तेल १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे, चॉपची निम्मी जाडी बुडेल इतकेच ते असावे आणि दोन्ही बाजूंनी तीन-चार मिनिटे तळून चॉप जाळीवर काढावा. अंडे आणि पावाचा चुरा लावलेला चॉप चवीला उत्तम लागत असेल, पण तो या परंपरेतला नव्हे. तळून काढलेल्या चॉपवर झाकण ठेवणाऱ्यांविषयी काय बोलावे, हे कळत नाही. वाफ कोंडली की दोन मिनिटांत कुरकुरीत आवरणाचा लगदा होतो.

खरी अडचण स्मदर्ड चॉपपाशी सुरू होते, आणि ती ग्रेव्हीमुळे येत नाही. मांस नेमके कशात आणि कुठपर्यंत शिजते, हा मुख्य भेद आहे. तळलेल्या चॉपमध्ये मांस तेलातच पूर्ण शिजते. ग्रेव्ही केलीच तर ती उरलेल्या तेलात वेगळी होते आणि ताटात बाजूला किंवा भातावर वाढली जाते. स्मदर्ड चॉपमध्ये मात्र तेलाचे काम फक्त रंग आणि खमंगपणा आणण्याचे असते. प्रत्येक बाजू दोन-तीन मिनिटे खरपूस झाली की अर्धाकच्चा चॉप बाहेर काढायचा, त्याच पॅनमध्ये कांदा आणि मैदा परतायचा, पाणी किंवा स्टॉक (हाडे किंवा भाज्या उकळून काढलेले पाणी) घालायचा आणि मग चॉप त्या रसात परत ठेवून अगदी मंद आचेवर तासभर शिजवायचा. म्हणजे पहिल्या रीतीत मांस मिनिटांत होते आणि दुसरीत त्याला तास लागतो. दोन्हींसाठी मांसाचा एकच तुकडा योग्य ठरेल, ही अपेक्षा इथेच बाद होते.

याचे कारण मांसाच्या घडणीत आहे. डुकराच्या पाठीचा भाग, म्हणजे लॉइन, फारसे कष्ट करीत नाही. त्यामुळे त्यात चरबी कमी, जोडणारी ऊती कमी आणि धागे नाजूक असतात. असे मांस आतून ६३ अंशांच्या आसपास रसाळ असते. ६६ अंशांच्या पुढे त्यातली प्रथिने आणखी आवळली जातात आणि पिळल्यासारखा रस बाहेर टाकू लागतात. सत्तरी ओलांडली की उरतो तो चोथा. खांद्याकडचा भाग याच्या अगदी उलट असतो. तो जनावराच्या चालण्याचा भार वाहतो, म्हणून त्यात कोलॅजन (जोडणाऱ्या ऊतीतले चिवट प्रथिन) भरपूर आणि धाग्याधाग्यांत चरबी असते. ६३ अंशांवर तो वातड लागतो. पण ओलसर उष्णतेत तासभर राहून तो नव्वद अंशांच्या आसपास पोचला की कोलॅजनचे जिलेटिन होते. तेच मांसाला मऊपणा देते आणि ग्रेव्हीला ओठांना चिकटणारा दाटपणाही देते. याचा अर्थ असा की, चॉप खाण्याजोगा होण्याच्या दोन वेगवेगळ्या अवस्था आहेत आणि त्यांच्यामध्ये एक मोठा कोरडा पट्टा आहे. लॉइन पहिल्या अवस्थेलाच काढून घ्यायचा असतो. खांद्याचा तुकडा त्या पट्ट्याच्या पलीकडे न्यायचा असतो.

आता घराघरांत काय होते ते पाहावे. दुकानातून दिसायला देखणा, बिनहाडाचा, पातळ लॉइन चॉप आणला जातो, तो आधी पूर्ण तळला जातो आणि मग ‘मुरावा’ म्हणून वीस-पंचवीस मिनिटे ग्रेव्हीत उकळला जातो. म्हणजे जो तुकडा पहिल्या अवस्थेत परिपूर्ण होता त्याला त्या कोरड्या पट्ट्याच्या मधोमध नेऊन ठेवले जाते, आणि पुढे नेण्यात अर्थ नसतो, कारण जिलेटिन होण्याइतके कोलॅजन त्यात नसतेच. चॉप कडक लागला म्हणून आणखी दहा मिनिटे शिजवले जाते, तो आणखी कडक होतो, आणि शेवटी पोर्कच मुळात कोरडे असते असा निष्कर्ष निघतो. रसात बुडालेले मांस कोरडे पडूच शकत नाही, ही समजूत यामागे असते. मांसाचा रस बाहेर जाणे हे आतल्या तापमानावर ठरते. बाहेर ग्रेव्ही आहे की हवा, याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

जुन्या घरगुती पाककृती या बाबतीत दिशाभूल करतात, हेही मान्य करायला हवे. त्यांत नुसते ‘पोर्क चॉप’ एवढेच लिहिलेले असते, आणि त्या काळी ते पुरेसेही होते, कारण तेव्हाचे डुक्कर चरबीसाठीही पाळले जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर वनस्पती तेलांपुढे डुकराच्या चरबीची मागणी घसरली आणि सडपातळ जाती पैदा करण्याकडे कल वळला. १९८७ साली तर अमेरिकी पोर्क उद्योगाने आपल्या मालाची ‘दुसरे पांढरे मांस’ अशी जाहिरात करून त्याला थेट कोंबडीच्या पंगतीत बसवले. लॉइनमधली जी चरबी आजीच्या पिढीला सांभाळून घेत होती ती अशी निघून गेली, पण पाककृती तशाच राहिल्या. आज त्यांतल्या स्मदर्डच्या कृतीत ‘चॉप’ हा शब्द वाचताना खांद्याकडचा ब्लेड चॉप असे वाचावे. तोही मिळाला नाही, तर शोल्डर स्टेक घ्यावा. दोन्ही सहसा लॉइनपेक्षा स्वस्त असतात आणि काचेपलीकडे ओबडधोबड दिसतात, म्हणूनच मागे पडतात. गोव्यात किंवा मुंबईत विंदालूसाठी चरबीचे मांस विकणाऱ्या दुकानदाराला खांद्याचा, हाडासकट, दोन सेंटिमीटर जाडीचा काप मागितला तर नेमके हेच हाती येते.

लॉइनच हाताशी असेल आणि ग्रेव्हीही हवीच असेल तर सरळ मार्ग असा की, ग्रेव्ही आधी पूर्ण करून घ्यावी, चॉप तळून घ्यावा आणि वाढताना दोन्ही ताटात एकत्र आणावेत. त्याला स्मदर्ड म्हणू नये, एवढीच विनंती आहे.

पोर्क अर्धवट शिजेल ही धास्ती या गोंधळात भर घालते. डुकराच्या मांसातील ट्रिकिनेला या कृमीच्या भीतीने ते करडे होईपर्यंत शिजवण्याची सवय अनेक पिढ्यांनी जपली. अमेरिकेच्या कृषी विभागाने मे २०११ मध्ये अखंड तुकड्यांसाठीचे सुरक्षित तापमान ७१ वरून ६३ अंश सेल्सिअसवर आणले आणि त्यानंतर तीन मिनिटे मांस तसेच राहू द्यावे असे सांगितले. खिम्यासाठी मात्र ७१ अंश कायम आहेत. ६३ अंशांवर काढलेल्या चॉपची आतली किंचित गुलाबी छटा म्हणजे कच्चेपणा नव्हे. थर्मामीटर विकत घ्यावा आणि तो कडेने, हाडाला न टेकवता, आत सरकवावा. सुरीने चिरून रंग बघण्याने फक्त रस सांडतो.

ग्रेव्ह्या दोन असतात आणि त्यांची सरमिसळ होते, तेही ओघाने सांगतो. तळलेल्या चॉपसोबतची ग्रेव्ही बहुधा दुधाची आणि पांढरट असते: तीन मोठे चमचे उरलेले तेल, तितकाच मैदा, दोन कप दूध आणि जीभ चुरचुरेल इतकी मिरी. स्मदर्डची ग्रेव्ही तपकिरी असते. तिच्यात तेवढ्याच तेलात दोन मोठे कांदे आधी नरम आणि सोनेरी करून घेतात, मग तीन चमचे मैदा घालून तो बदामी रंगावर येईपर्यंत परततात आणि अडीच कप स्टॉक हळूहळू घालतात. लुइझियानाकडे कांद्याबरोबर ढोबळी मिरची आणि सेलरीही पडते. मैदा नीट भाजला नाही तर कच्चट चव शेवटपर्यंत जात नाही. डब्यातले मशरूम सूप ओतून ही सगळी मेहनत वाचवण्याचा मार्ग फार लोकप्रिय आहे. त्यातून मिठाची चव येते आणि दुसरे काही येत नाही.

पॅनविषयी वाद घालण्यात अर्थ नाही. टेनेसीतील साउथ पिट्सबर्ग गावात १८९६ पासून लॉज कंपनी बिडाची भांडी ओतते आहे आणि तिकडची घरे त्यांवर श्रद्धा ठेवून असतात. आपल्याकडचे बिडाचे खोलगट भांडेही तितकेच चालते. नॉनस्टिकमध्ये तळाला खरपूस थर चिकटत नाही आणि स्मदर्डची ग्रेव्ही त्याच थरावर उभी असते, म्हणून तिथे ते टाळावे. अमेरिकेत राहणाऱ्यांनी वेष्टनावरचा बारीक मजकूर वाचावा: पुष्कळ पोर्कमध्ये मिठाचे पाणी आधीच टोचलेले असते. असा चॉप तेलात नीट खरपूस होत नाही आणि तासभर शिजवल्यावर ते मीठ ग्रेव्हीत उतरते, तेव्हा तिच्यातले मीठ अगदी शेवटी, चाखूनच घालावे.

वाढण्याच्या वेळेचेही गणित वेगळे आहे. तळलेला चॉप जाळीवरून उतरला की लगेच खावा. सोबत बिस्किट (तिकडचा मऊ, छोटा पाव), कोलार्डची (कोबीच्या जातीतल्या पानांची) भाजी किंवा मक्याचे ग्रिट्स (भरड्याची लापशी) असावेत, आणि उरलाच तर तो दुसऱ्या दिवशी थंडच बिस्किटात घालून खावा, मायक्रोवेव्हमध्ये घालू नये. स्मदर्ड चॉप पांढऱ्या भातावर वाढतात आणि घाईच्या दिवसासाठी तो आदल्या रात्री करून ठेवावा. रात्रीत ग्रेव्ही थिजून घट्ट होते, ती अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर पुन्हा सैल करावी.