गोन्सालो गार्सिया, संत : वसईचे ब्रदर

गोन्सालो गार्सिया, संत : (सु. १५५७ – ५ फेब्रुवारी १५९७). उत्तर कोकणातील वसई येथे जन्मलेले, फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्यासी संघाचे धर्मबंधू (ब्रदर) आणि रक्तसाक्षी, म्हणजे धर्मासाठी प्राण देणारे. भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत म्हणून ते ओळखले जातात. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. १५३४ पासून वसई पोर्तुगीजांकडे होती. किल्ल्यात जेझुइट या दुसऱ्या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंच्या हाताखाली गोन्सालो शिकले आणि पोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेले.

तिथे ते जपानी भाषा इतकी उत्तम शिकले की धर्मशिक्षक म्हणून त्यांना मागणी असे. जेझुइट संघात जाण्याची त्यांची फार इच्छा होती, पण प्रवेश मिळाला नाही. मग त्यांनी व्यापार केला, त्यात जम बसवला आणि शेवटी तोही सोडून मनिलात फ्रान्सिस्कन संघात ते दाखल झाले, ते धर्मगुरू म्हणून नव्हे, साधे ब्रदर म्हणून.

हा फरक आज चर्चबाहेरच्या वाचकाला चटकन कळत नाही. फादर, म्हणजे धर्मगुरू, मिस्सा हा मुख्य उपासनाविधी अर्पण करतात, भाविकांचे पापनिवेदन ऐकतात. ब्रदरला यातले काहीच करता येत नाही. मठाचे दार, स्वयंपाकघर, आजाऱ्यांची सेवा, पडेल ते काम त्याच्या वाट्याला येते. अंगात जाडाभरडा झगा, कमरेला दोरी आणि तिला तीन गाठी : दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. वेदीवर त्याचे नाव पुकारले जात नाही की प्रवचनातून त्याचा आवाज ऐकू येत नाही.

१५९३ मध्ये फिलिपीन्सच्या गव्हर्नरने फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांना जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारी वकील म्हणून पाठवले, तेव्हा गोन्सालो दुभाषी म्हणून सोबत गेले. बोलणे दुसऱ्यांचे, ते पोचवायची जबाबदारी मात्र त्यांची. एक शब्द चुकला असता तरी सगळ्यांच्या जिवावर बेतले असते. वसईकर त्यांच्या मरणाची आठवण मोठ्या भक्तीने काढतात. पण त्यांचे संतपण या दुभाषेपणात आधीच दिसते, असे वाटते. पुढे क्योटोत फ्रान्सिस्कनांनी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय चालवले, तेव्हाही गोरगरिबांशी बोलायला त्यांचीच जीभ कामी आली.

१५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले. धर्मप्रचारकांच्या मागोमाग स्पॅनिश आक्रमण येईल, हा हिदेयोशीचा संशय त्या प्रकरणातून बळावला आणि फ्रान्सिस्कन व त्यांच्या अनुयायांची धरपकड झाली. क्योटोत बंदिवानांचे डावे कान कापून त्यांची धिंड काढण्यात आली. तिथून भर हिवाळ्यात जवळजवळ महिनाभर चालवत त्यांना नागासाकीला नेले. वाटेत आणखी दोघे सामील केले गेले आणि एकूण सव्वीस जण झाले : सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट, बाकीचे जपानी प्रापंचिक (संघाबाहेरचे साधे) ख्रिस्ती. निशिझाका टेकडीवर त्यांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. परंपरेनुसार पहिला क्रूस गोन्सालो यांचा होता.

१६२७ मध्ये त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संतपद दिले. ५ फेब्रुवारीला संत आगाथा यांचा सण येत असल्याने या रक्तसाक्षींचे स्मरण ६ तारखेला होते.

वसईजवळच्या गास गावचे चर्च त्यांच्या नावाचे आहे, वसईतले एक महाविद्यालयही. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकल्यानंतर किल्ल्यातली बहुतेक चर्चे ओस पडली. छपरे गेली, भिंतींच्या फटींत वड-पिंपळाची मुळे शिरली. त्यांतले जेझुइटांचे चर्च डागडुजी होऊन टिकले आहे आणि आज ते याच संतांच्या नावाने ओळखले जाते. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो १९९८ मध्ये. त्याच्या कितीतरी आधीपासून इथली माणसे आपल्या या ब्रदरला हाक मारत आली आहेत.

नागासाकीत निशिझाकावर १९६२ मध्ये सव्वीस जणांचे ब्राँझचे शिल्प उभे राहिले. फादर, ब्रदर, प्रापंचिक, सगळे एकाच रांगेत आहेत. उंचीने लहान दिसतात ती फक्त मुले. त्यांतला सर्वांत धाकटा बारा वर्षांचा होता.