ट्यूनिंगसाठी लॅपटॉप घेताय? आधी ईसीयूचं लेबल बघा

‘गाडीच्या ट्यूनिंगसाठी लॅपटॉप कुठला घेऊ?’ हा फोन आमच्या वर्कशॉपला इतक्यांदा येतो की शेवटी हे पत्रक छापलं. लॅपटॉपचं उत्तर सोपं आहे, खाली दिलंच आहे. अडचण वेगळी आहे. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा लॅपटॉप घेतलेला असतो, ऑनलाइन स्वस्तातली केबल मागवलेली असते, तिच्यासोबत ‘फुल व्हर्जन’ सॉफ्टवेअरही फुकट आलेलं असतं. आणि यातलं काहीच आपल्या गाडीला चालत नाही, हे त्याला आमच्या दारात आल्यावर कळतं.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर, कुठला ते बघायचं (ट्यूनिंग म्हणजे त्याच्यातले आकडे बदलणं), मग त्याला चालणारं टूल नि सॉफ्टवेअर, आणि लॅपटॉप सगळ्यात शेवटी.

‘डिझेल स्विफ्ट आहे’ एवढ्यावर आम्हाला काहीच ठरवता येत नाही. एकाच नावाच्या गाडीत साल आणि इंजिन बदललं की ईसीयूही बदलू शकतो. ईसीयू बॉशचा असेल तर लेबलवर दहा आकडी नंबर मिळेल. तो साधारणपणे डिझेलला ०२८१ ने आणि पेट्रोलला ०२६१ ने सुरू होतो. मॅरेली, डेल्फी, डेन्सो, कॉन्टिनेंटल यांच्या लेबलांची मांडणी वेगळी, पण नंबर त्यांच्यावरही असतो. आम्हाला त्या लेबलाचा फोटो हवा. बॉनेटचा नको, मीटरचा नको, आरसीचाही नको. लेबलवर धूळ-ग्रीस असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, पाणी मारू नका. मोबाइल जरा तिरका धरला की चमक येत नाही आणि आकडे वाचता येतात. लेबल ब्रॅकेटच्या मागे दडलं असेल तर खोलाखोल न करता गाडी तशीच आणा. बहुतेक गाड्यांत ईसीयूची ओळख ओबीडी सॉकेटवरून, म्हणजे गाडी तपासायचं यंत्र जिथे जोडतात तिथून, वाचता येते.

आता सॉफ्टवेअर. यात दोन वेगळी कामं आहेत आणि गोंधळ इथेच होतो. ईसीयूमधली फाइल वाचणं आणि परत लिहिणं हे एक काम. त्या फाइलमधले इंधनाचे, टर्बोच्या बूस्टचे (हवेच्या दाबाचे), टॉर्क मर्यादेचे मॅप, म्हणजे आकड्यांचे तक्ते, बदलणं हे दुसरं. विनओएलएस हे फाइल संपादनाचं सॉफ्टवेअर आहे. नुसतं ते घेतलं म्हणून गाडीत फाइल जात नाही, त्यासाठी वाचणारं-लिहिणारं टूल वेगळं लागतं. काही कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही कामं होतात, पण लायसन्स गाडीगणिक घ्यावं लागतं आणि यादीत नसलेल्या गाडीला ते चालत नाही. त्यामुळे पैसे भरण्याआधी त्या यादीत आपला ईसीयू शोधा.

त्या ऑनलाइन स्वस्तातल्या नकली, म्हणजे कॉपी केबलबद्दल स्पष्टच सांगतो. फाइल वाचताना ती बंद पडली तर फारसं बिघडत नाही. लिहिताना मध्येच थांबली तर फाइल अर्धवट राहते आणि गाडी जागची हलत नाही. मग ईसीयू काढा, टेबलावर जोडा, बूट मोडमध्ये (अडकलेला ईसीयू थेट लिहिता येतो त्या अवस्थेत) घ्या... आणि हे सगळं झाल्यावर पुढचा प्रश्न, मूळ फाइल कुठे आहे? ती बहुतेकांनी जपून ठेवलेलीच नसते. तासाभराचं काम आठवड्यावर जातं ते इथे.

म्हणून आमच्याकडे पहिलं काम मूळ फाइल वाचण्याचं. त्याचे पैसे वेगळे का, असं विचारतात. कारण ती फाइल पेनड्राइव्हवर तुमच्या हातात देतो आणि एक प्रत आमच्याकडेही ठेवतो. लिहिताना गाडीला स्थिर पुरवठा देणारा चार्जर लावल्याशिवाय आम्ही बटण दाबत नाही. इग्निशन चालू आणि इंजिन बंद असताना बॅटरी उतरतच जाते, भर लिखाणात व्होल्टेज पडलं की काम अडकलंच.

मित्राच्या गाडीची फाइल तुमच्या गाडीत टाकून मिळणार नाही. गाड्या सारख्या दिसल्या तरी आतली सॉफ्टवेअर आवृत्ती वेगळी असू शकते. बीएस-६ डिझेलचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) किंवा ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) बंद करण्याचं कामही आम्ही घेत नाही, कितीही आग्रह झाला तरी. आणि वॉरंटी चालू असेल तर आधी ती संपू द्या.

लॅपटॉप म्हणाल तर गेमिंगचा अजिबात नको. रीफर्बिश्ड ऑफिस लॅपटॉप, आय-५, ८ जीबी रॅम, एसएसडी, साध्या यूएसबीचे दोन पोर्ट, एवढं भरपूर झालं. विंडोज ११ चालणारा बघा, कारण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. मॅक आणि स्नॅपड्रॅगनवाले लॅपटॉप टाळा, बऱ्याच टूल्सचे ड्रायव्हर त्यांच्यावर बसत नाहीत. स्क्रीन उन्हात दिसते का, हे दुकानाबाहेर नेऊन बघा. काम सुरू करण्याआधी स्लीप आणि ऑटो अपडेट बंद ठेवा.

जुनी कार्ब्युरेटरची मारुती किंवा ट्रॅकसाठी बांधलेली गाडी असेल तर हिशोब वेगळा. तिथे मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनोसारखा स्वतंत्र ईसीयू बसतो आणि ट्यूनरस्टुडिओ या सॉफ्टवेअरवर काम चालतं. हे मात्र मॅकवरही चालतं. यात स्वतःचा लॅपटॉप घेणं खरंच फायद्याचं, कारण ट्यूनिंग एका दिवसात आटोपत नाही. सोबत वाइडबँड सेन्सर (धुरातल्या ऑक्सिजनवरून हवा-इंधनाचं मिश्रण मोजणारा) घ्याच, नुसत्या कानाने मिश्रण कळत नाही. स्क्रीनवर १४.७ चा आकडा (एक भाग इंधनाला किती भाग हवा) धरून बसू नका, तो शुद्ध पेट्रोलचा. पंपावरच्या ई-२० ला तो साडेतेराच्या आसपास येतो. लॅम्डा (त्या इंधनाला लागणाऱ्या हवेच्या तुलनेत प्रत्यक्ष हवा किती) लावून ठेवा, म्हणजे इंधन कुठलंही असलं तरी १ म्हणजे १.

रोजच्या वापराची गाडी एकदाच ट्यून करून घ्यायची असेल, तर लॅपटॉप आणि सॉफ्टवेअर दोन्हीचे पैसे वाचवा. आमचं लायसन्सवालं टूल आहे, गाडी सोडा आणि चहा घ्या. स्वतः शिकायचंच असेल तर खरेदीआधी लेबलचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. काय घ्यायचं आणि काय नाही, ते फुकट सांगू, वस्तू आमच्याकडून घेतली नाही तरी. फोटोसोबत गाडीचं साल, किलोमीटर आणि याआधी कोणी ईसीयूला हात लावलाय का, एवढं लिहा. सोमवारी वर्कशॉप बंद असतं.